यांत आपले कोण? – सोनपेठची लढाई आणि मेजावरचा इतिहास

इतिहासातील कोणतीही लढाई सांगावयास घेतली की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो कारणांचा नसतो, परिणामांचाही नसतो. ‘यांत आपले कोण?’ हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळेपर्यंत कथेत जीव रमत नाही, आणि उत्तर मिळाले की बहुधा पुढचे काही नीट ऐकले जात नाही. परभणीत आम्ही काही अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून एक जुनी लढाई लघुप्रतिमांच्या साहाय्याने मेजावर मांडण्याचा उद्योग केला, तेव्हा या प्रश्नाशी आमची गाठ वारंवार पडली. युरोपात आणि अमेरिकेत ‘मिनिएचर वॉरगेमिंग’ या नावाने हा छंद रूढ आहे. तो करू पाहणाऱ्याला आरंभी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : लढाई कोणती, प्रमाण कोणते आणि नियम कोणते. आम्ही या तिन्ही गोष्टी तांत्रिक समजून चाललो होतो. त्या तशा नाहीत. इतिहास लिहिणारा प्रत्येक जण याच तीन गोष्टी ठरवीत असतो, फक्त त्या ठरविल्याचे तो सांगत नाही, असे आमच्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख हा त्या ध्यानात येण्याचा वृत्तांत आहे.

१

युद्धाचा खेळ करणे आपल्याला नवे नाही. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर आणणारे चतुरंग येथलेच. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त हर्षाच्या राज्यातील शांततेचे वर्णन करताना, चतुरंगाची रचना उरली ती केवळ आठ घरांच्या पटावर, अशा अर्थाचा श्लेष साधला आहे. म्हणजे खेळातले युद्ध हे खऱ्या युद्धाच्या अभावाची खूण, ही कल्पना तितकी जुनी आहे. पण बुद्धिबळाच्या पटाला इतिहास नसतो. दोन्ही बाजूंना सोळा मोहरी, तीच चाल, तेच सामर्थ्य. पांढऱ्याने आधी खेळावे एवढाच काय तो भेद. खऱ्या लढाईत असा समतोल कधीच नसतो. एकाकडे तोफा अधिक, दुसऱ्याकडे घोडा अधिक. एकाला नदीचा उतार ठाऊक, दुसऱ्याला नाही. ही विषमता पटावर आणावयाची, तर बुद्धिबळाची शिस्त मोडावी लागते.

ती पद्धतशीरपणे मोडली प्रशियाच्या राइसविट्झ पितापुत्रांनी. पित्याने १८१२ साली राजाला भूप्रदेशाच्या चौकटी मांडता येतील असे एक मेज सादर केले. पुत्राने १८२४ मध्ये त्याऐवजी १ : ८००० प्रमाणाचा कागदी नकाशा घेतला, एका चालीचा काळ दोन मिनिटांचा ठरविला, फासे आणले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन पक्षांच्या मध्ये एक पंच बसविला. प्रत्येक पक्षाने आपले हुकूम पंचाला द्यावयाचे आणि रणांगणावर प्रत्यक्ष जेवढे दिसले असते तेवढेच पंचाने त्याला दाखवावयाचे. हा खेळ सैन्याच्या शिक्षणासाठी होता. तो घरात आणला एच. जी. वेल्सने. ‘लिटल वॉर्स’ हे त्याचे पुस्तक १९१३ साली निघाले. दिवाणखान्यातल्या जमिनीवर शिसाचे शिपाई आणि लाकडी गोळी उडविणाऱ्या खेळण्यातल्या तोफा घेऊन लढावयाच्या लढाया त्यात आहेत, आणि अखेरीस खऱ्या युद्धाची निरर्थकता कळावयाची तर हा खेळ खेळून पाहावा, असा सूर आहे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने शहाणपण येते या समजुतीला याहून कठोर उत्तर मिळणे कठीण.

महाराष्ट्रातील मूल मात्र या छंदाशी दिवाळीच्या किल्ल्यावरून आधीच परिचित असते. दगड, माती, पोत्याचे तुकडे यांचा डोंगर रचावयाचा, त्यावर हळीव पेरावयाचे, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे तटावर उभे करावयाचे. या किल्ल्याचे प्रमाण पाहण्यासारखे असते. सिंहासनावरचे महाराज महादरवाजाहून उंच असतात. पायथ्याची गवळण तोफेहून मोठी असते. मोजपट्टी लावणाऱ्याला ही चूक वाटेल. ती चूक नव्हे. ते आदराचे प्रमाण आहे. बखरीतही माणसे याच प्रमाणाने उभी असतात. पण या किल्ल्यात एक उणीव असते, आणि ती आम्हांला आमच्या उद्योगात प्रथम जाणवली. किल्ल्यावर मावळे असतात, शत्रू बहुधा नसतो. असलाच तर तो कोणी खेळत नाही. वॉरगेममध्ये मेजाच्या पलीकडे कोणाला तरी बसावेच लागते, आणि त्याने जिंकण्यासाठी खेळावे लागते.

२

लढाई निवडावयास बसलो तेव्हा अपेक्षेप्रमाणे पहिले नाव आले पानिपताचे. ते आम्ही लवकरच बाजूला ठेवले. १४ जानेवारी १७६१ हा दिवस मराठी भाषेतच जाऊन बसला आहे. ‘पानिपत होणे’ हा आपला वाक्प्रचार आहे. अशा लढाईत खेळाडू लढावयास बसत नाही, दुरुस्ती करावयास बसतो. भाऊसाहेबांनी असे केले असते तर, मल्हाररावांनी तसे केले असते तर, या जर-तरची भूक मेजावर भागविता येईल. पण तीतून इतिहास कळेल असे वाटत नाही.

मग आम्ही गोदावरीच्या खोऱ्यात, म्हणजे घराजवळ, शोधू लागलो. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई परभणीहून फार दूर नाही; असई आज जालना जिल्ह्यात आहे. तिची सामग्री विपुल आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांचे सैन्य होते. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असे अनुमान करून वेलस्लीने सैन्य पलीकडे नेले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्रजांकडचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ हा आकडा पलटणवार उपलब्ध आहे. हाती आलेल्या तोफांचा आकडा ९८ असाही नोंदलेला आहे. पण मराठ्यांकडील हानी? ती शत्रूच्या अंदाजाने सांगितली जाते. एका पक्षाचा हिशेब नगापर्यंत आणि दुसऱ्याचा गोळाबेरीज. असा खेळ मांडला की एक बाजू आपोआप माणसांची होते आणि दुसरी संख्येची. अडचण आणखी एक होती. अशा नियमावल्यांत सेनापतीला गुण देण्याची प्रथा असते : हा उत्तम, हा मध्यम, हा निकृष्ट. निकाल ठाऊक असलेला माणूस जेव्हा हे गुण देतो, तेव्हा लढाई सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते.

१० ऑगस्ट १७६३ ची राक्षसभुवनची लढाई आम्हांला अधिक जवळची वाटली. बीड जिल्ह्यातील हे गाव गोदाकाठी आहे आणि तेथून वाहणारे पाणी पुढे परभणीच्या शिवारात येते. निजाम अली काही फौजेसह नदीपार झाला होता, उरलेले सैन्य त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखाली दक्षिण तीरावर होते. माधवराव पेशव्याने त्याला गाठले. विठ्ठल सुंदर पडला. नदीला पूर असल्याने निजामाला पलीकडून काही करता आले नाही. या लढाईत ‘आपले कोण’ हा प्रश्न सोपा वाटतो, पण तो सोपा नाही. पडलेला दिवाण ब्राह्मण होता. नागपूरकर जानोजी भोसले थोड्याच काळापूर्वी निजामाच्या पक्षात होते. आणि परभणी, बीड, नांदेड हा सारा मुलूख पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. त्या दिवशी दक्षिण तीरावर मारल्या गेलेल्यांत या गावांतले शिपाई नसतील असे कोणी म्हणावे? तरीही आमच्यातील प्रत्येक जण नकळत पेशव्याच्या बाजूची खुर्ची ओढू लागला. शाळेत शिकलेली निष्ठा माणूस सोबत घेऊन येतो. म्हणून ही लढाईही आम्ही सोडली.

उरली ती १५९७ ची लढाई. तिच्यासाठी कोणीच खुर्ची ओढली नाही, म्हणून आम्ही ती घेतली.

३

सोनपेठ हे आज परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १५९७ च्या आरंभी या परिसरात, गोदावरीच्या काठी, मोगल आणि दख्खनी सुलतानांच्या संयुक्त फौजा यांत दोन दिवस लढाई झाली. फेरिश्ता तिचे स्थान सोनपेत सांगतो. अबुल फजल पाथरीपासून बारा कोसांवरील आष्टीचे नाव घेतो, आणि इतिहासग्रंथांत दोन्ही नावे चालतात. पूर्वपीठिका अशी : १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबीबीने किल्ला लढविला, आणि १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. वऱ्हाडाबरोबर काय काय गेले यावरून पुन्हा ठिणगी पडली. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने सुहैलखानाला पाठविले. गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या तुकड्या त्याला मिळाल्या. मोगलांकडे खानखानान, मिर्झा शाहरुख, राजपूत सरदार आणि खानदेशचा फारुकी सुलतान राजा अलीखान. मुराद रणांगणावर नव्हता. त्याचे आणि खानखानानाचे पटत नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. खानखानान म्हणजे दोह्यांचा कवी रहीम. बाबराच्या आत्मचरित्राचा फारसी अनुवाद त्याचा. विजापूरचा इब्राहिम ‘किताब-ए-नौरस’चा कर्ता. गोवळकोंड्याचा महंमद कुली कुतुबशहा दख्खनीतील आद्य मोठ्या कवींपैकी एक. एका लढाईमागे तीन कवी असण्याचा हा योग विरळा. तिघांपैकी प्रत्यक्ष मैदानात होता तो एकटा रहीम.

आणि आमच्या प्रश्नाचे काय? दोन्ही बाजूंचे धनी मुसलमान. मोगलांच्या निशाणाखाली राजपूत. निजामशाहीच्या चाकरीत मराठे सरदार. ज्या पाथरीचा येथे उल्लेख आला, ती तर या गुंत्याची जन्मभूमीच म्हणावी. निजामशाहीच्या मूळ पुरुषाचा बाप पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला, असे फेरिश्ता सांगतो; आणि पूर्वजांचे वतन म्हणून बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली व १५१८ मध्ये ती लढून घेतली. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापकही जन्माने हिंदूच होता. दोन रंगांत इतिहास रंगविणाऱ्याचा कुंचला पाथरीपाशी येऊन अडतो.

लढाईचा ओघ थोडक्यात असा. पहिल्या दिवशी दख्खनी तोफखान्याचा आणि विजापुरी फौजेचा सारा भार राजा अलीखानावर आला. तो हटला नाही. आपल्या सरदारांसह तो तेथेच पडला. दख्खनींना वाटले, पडला तो खानखानानच, लढाई जिंकली. तिकडे मोगलांनी समोरच्या अहमदनगर-गोवळकोंड्याच्या फळ्या उधळल्या होत्या. त्यांनाही वाटले, लढाई जिंकली. अंधार पडला. दोन्ही सेनापती थोड्या थोड्या माणसांनिशी त्याच मैदानावर, जवळजवळ, रात्रभर राहिले, आणि दोघेही विजयी होते. सकाळी तहानलेले मोगल पाण्याकडे निघाले असता पुन्हा गाठ पडली. सुहैलखान जखमी झाला, त्याला त्याच्या माणसांनी उचलून नेले आणि मोगलांचा जय झाला. राजा अलीखान मात्र रात्रभर कोणाला सापडला नव्हता. तो पळाला असावा किंवा शत्रूला मिळाला असावा असे मोगलांच्या छावणीत बोलले गेले, आणि त्याचे सामान त्याच्याच पक्षाच्या लोकांनी लुटले. दुसऱ्या दिवशी प्रेतांत त्याचा देह मिळाला.

४

आता प्रमाण. मोगल पंधरा ते वीस हजार आणि दख्खनी साठ हजारांपर्यंत, असे आकडे साधनांत येतात. आम्ही वीस हजार आणि साठ हजार हे आकडे घेऊन मोजावयास बसलो. मेजावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील एक मीटर, असे १ : १००० चे प्रमाण धरले. शेजारी शेजारी उभ्या राहणाऱ्या घोडेस्वाराला सुमारे एक मीटर रुंदी लागते. दहा रांगा खोल उभे केले तर वीस हजार स्वारांची फळी दोन किलोमीटर होते. मेजावर दोन मीटर. ते जमले. साठ हजारांची फळी सहा किलोमीटर, मेजावर सहा मीटर. ती आमच्या खोलीत मावेना.

हा विनोद नव्हे. हान्स डेलब्रुक या जर्मन इतिहासकाराने प्राचीन युद्धांच्या आकड्यांची चिकित्सा नेमकी अशीच केली होती. हिरोडोटसने सांगितलेले इराणी सैन्य खरोखर कूच करते, तर त्याचे तोंड थर्मोपिलीला असताना शेपूट तैग्रिस नदीच्या आसपास राहिले असते, असा त्याचा युक्तिवाद होता. आकडा कागदावर जागा घेत नाही, जमिनीवर घेतो. घोडा दिवसाला सुमारे तीस लिटर पाणी पितो असे धरले, तर ऐंशी हजार घोड्यांना रोज चोवीस लाख लिटर पाणी हवे. लढाई गोदावरीच्या काठी का झाली आणि दुसऱ्या दिवशीची गाठ पाण्याच्या वाटेवर का पडली, हे त्या गुणाकाराने जितके समजते तितके कोणत्याही वर्णनाने समजत नाही. आम्ही अखेर दख्खनींची फळी अधिक खोल केली आणि काही फौज राखीव ठेवली. म्हणजेच आम्हीही आकड्याला शरण न जाता त्याचा अर्थ लावला. आमचा अर्थ चुकीचा असू शकेल. पण अर्थ लावणे टळत नाही, एवढे कळले.

दुसरा प्रश्न प्रतिमेच्या उंचीचा. या छंदात २८, १५ आणि ६ मिलिमीटर अशा उंचीच्या प्रतिमा प्रचलित आहेत. आम्ही मोठ्या प्रतिमा घेतल्या. एका घोडेस्वाराच्या बैठकीची रुंदी पंचवीस मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. दहा रांगांचा हिशेब धरता एक प्रतिमा म्हणजे अडीचशे स्वार. मोगल ऐंशी, दख्खनी दोनशे चाळीस. येथे एक विचित्र गोष्ट होते. अडीचशे माणसे नाहीशी झाल्याखेरीज मेजावरचा एकही शिपाई उचलला जात नाही. दोनशे एकोणपन्नास मेले तरी तो उभाच. राजा अलीखानासाठी मात्र स्वतंत्र प्रतिमा करावी लागली, कारण त्याचे मरणे एकट्याचे म्हणून मोजावयाचे होते. प्रमाण ठरविणे म्हणजे कोणाचे मरण एकेकटे मोजले जाईल आणि कोणाचे घाऊक, हे ठरविणे. तवारीख, बखर, कादंबरी हे सारे वाङ्मयप्रकार हा निर्णय करतात. मेजावर तो उघड्यावर करावा लागतो, इतकेच.

या सैन्यांना धान्य पुरविणारे बंजाऱ्यांचे तांडे कोठे दाखवावेत, असे एका विद्यार्थिनीने विचारले. कोणत्याही नियमावलीत लादलेल्या बैलांना मार करण्याचे सामर्थ्य नसते, म्हणून ते बहुधा मेजावर येत नाहीत. तिने घरून पोळ्याचे मातीचे बैल आणले. ते आमच्या हत्तींहून मोठे होते. आम्ही ते तसेच ठेवले. दिवाळीच्या किल्ल्यावरील महाराजांचे प्रमाण आम्हांला मान्य असेल, तर सैन्याच्या पोटाचे हेही प्रमाण मान्य व्हावयास हरकत नव्हती.

५

नियमावली म्हणजे कार्यकारणभावाविषयीचे मत. तोफेला किती गुण द्यावयाचे, धैर्याला किती, सेनापती पडला तर फौज पळावी की थांबावी, या प्रत्येक आकड्यामागे युद्ध कशाने जिंकले जाते याविषयीची एक समजूत असते. बखरकार दैवाला जो वाटा देतो, तो येथे फाशाला मिळतो. फासा नको, सारे कौशल्यावर असावे, असा आग्रह आमच्यातील एकाने धरला. पण फासा काढून टाकला की जो जिंकला तो योग्यच होता, असे निमूट मानावे लागते. पराभूताच्या वतीने बोलावयास फाशाखेरीज कोणी उरत नाही.

आमची खरी अडचण होती ती रात्रीची. सोनपेठच्या लढाईचे मर्म पहिल्या दिवसाच्या मारामारीत नाही. दोन्ही पक्षांना आपण जिंकलो असे वाटण्यात आहे. पण मेजाभोवती उभ्या असलेल्या सर्वांना तर सारेच दिसते! वाचकालाही सारे दिसते; इतिहासकार त्याला उंचावर नेऊन बसवितो. म्हणून आम्ही राइसविट्झचा पंच आणला. दोन पक्ष दोन खोल्यांत बसविले. मेज मधल्या खोलीत. पंचाने प्रत्येक पक्षाला तेवढेच सांगावयाचे जेवढे त्याच्या निशाणापाशी उभ्या असलेल्या माणसाला धुळीतून आणि अंधारातून कळले असते. पडलेल्या सरदाराची वार्ता, ती आणणारा कोणी जिवंत परत आला तरच पोचेल. आणि रात्र झाली की प्रत्येक पक्षाने आपल्या धन्याला एक पत्र लिहावयाचे.

पत्रे आली. दोन्ही पत्रांत विजय होता. कोणीही खोटे लिहिले नव्हते; प्रत्येकाने जे पाहिले त्यातून सरळ निघणारे अनुमान केले होते. अबुल फजल त्या काळी अकबराच्या दरबारी लिहीत होता, फेरिश्ता विजापूरच्या आश्रयाने. त्यांच्यातील विसंगतींना आम्ही आजवर पक्षपात म्हणत आलो. पक्षपात असेलही. परंतु पक्षपाताच्या आधी स्थान असते. माणूस कोठे उभा होता हे असते. हे तत्त्व म्हणून आम्हांला वर्गात शिकवता येत होते. शेजारच्या खोलीत आपल्याच विद्यार्थ्याने लिहिलेले, आपल्या पत्राच्या अगदी उलट आणि तितकेच प्रामाणिक पत्र वाचल्यावर ते निराळ्या तऱ्हेने कळले.

येथे एक गोष्ट नोंदविल्याखेरीज लेख पुरा होणार नाही. राजा अलीखानाची भूमिका एका प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याकडे होती. पहिल्या तासातच फासा त्याच्या विरुद्ध पडला आणि त्याची प्रतिमा पंचाने उचलली. वार्ता आणणारे कोणी उरले नव्हते. त्यामुळे नियमाप्रमाणे ती त्याच्या पक्षाला कळविता येईना. मेलेल्या खेळाडूला मधल्या खोलीत बसण्याची मुभा होती. दार उघडे होते, आणि मोगलांच्या खोलीतील बोलणे त्याला ऐकू येत होते. खानदेशची तुकडी कोठे गेली? त्याचा काही भरवसा नव्हता. तो मनाने दख्खनचाच. तो फुटला असला पाहिजे. त्यांच्यापैकी कोणीही या लढाईचा वृत्तांत वाचलेला नव्हता. आम्ही तो मुद्दाम दिला नव्हता. तरी चार शतकांपूर्वी त्या छावणीत जे बोलले गेले, ते जवळजवळ तसेच येथे बोलले जात होते. रात्रीच्या पत्रात त्यांनी त्याच्या फितुरीचा संशय लिहिला. तो मुलगा उठून पंचापाशी आला आणि म्हणाला, “सर, मी मेलोय एवढं तरी त्यांना सांगा ना.”

पंचाने नाही म्हटले. नियम तसा होता.

खेळ संपल्यावर आम्ही अर्थातच सारे उघड केले. हशा झाला, त्याच्या पाठीवर थापा पडल्या. पण तो हशात सामील झाला नाही, आणि त्याचे आम्हांला नवल वाटले नाही. खऱ्या राजा अलीखानाला दुसऱ्या दिवशी निदान त्याच्या देहाने साक्ष दिली. त्याचे शव बुऱ्हाणपुरास नेण्यात आले. ज्यांचे देह ओळखले गेले नाहीत, त्यांच्याविषयी त्या रात्री जे बोलले गेले असेल, ते तसेच राहिले असणार.

लढाईने फार काही साधले नाही. मोगलांनी पाठलाग केला नाही. पुढे खानखानानाला परत बोलाविण्यात आले. अहमदनगर पडले ते १६०० साली. सोनपेठच्या शिवारात आज ज्वारी, कापूस आणि ऊस उभा असतो, आणि गोदावरीला तेथे आजही लोक गंगा म्हणतात. त्या लढाईचा अभिमान कोणाला नाही, शरमही नाही. ‘यांत आपले कोण’ या प्रश्नाला तिच्यापुरते आमच्याकडे अजून उत्तर नाही. परंतु त्या दुपारनंतर आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण दुसरा एक प्रश्न विचारू लागले आहेत. कोणतीही लढाई वर्गात निघाली, की ‘हे लिहिणारा त्या वेळी कोठे उभा होता?’ असे ते विचारतात. पुढच्या खेपेस राक्षसभुवन मांडावे असे घाटत आहे. पेशव्याच्या बाजूला बसावयास पुष्कळ जण तयार आहेत. विठ्ठल सुंदरासाठी पहिले नाव आले ते त्याच मुलाचे.